चेहऱ्यावरचं पाणी

इस्फहानला पोचले तेव्हा नदी नव्हती.
पूल होता. तेहतीस कमानी,
खाली भेगाळलेली माती,
आणि पायडल मारायचे सहा प्लास्टिकचे हंस
एकाच दिशेला तोंड करून रुतलेले.
एका हंसात बसून एक मुलगा
सूर्यफुलाच्या बिया फोडत होता.
मी विचारलं, नदी?
म्हणाला, सुट्टीवर.

नदीचं नाव जायंदेरूद.
जायंदे म्हणजे बाळंत होणारी,
फरंगीसनं सांगितलं
आणि पाठ फिरवून हातोडीला धार लावायला बसली.

तिच्या मामांचा कारखाना जुन्या मशिदीमागच्या बोळात.
कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक भट्टी,
भिंतीवर कुठल्या तरी जुन्या सालाचं कॅलेंडर,
त्यावर नदी, दोन्ही काठ भरून.
मामा म्हणजे उस्ताद यदुल्ला.
उस्ताद आमच्याकडे येता येता
लंगोट कसून तालमीत उतरला,
वस्ताद झाला.
हे मी दंड थोपटून दाखवलं.
ते एवढे हसले की चहा सांडला
फिरोजी तुकड्यांवर.

घुमट मी सकाळीच पाहिला होता,
मान दुखेपर्यंत.
निळ्यात निळा, त्याच्याही आत
हळदीच्या रंगाच्या वेली,
वर वर जाताना लहान होत गेलेल्या.
मनात आलं ते तिथेच राहिलं.
फोटोत नुसती टाइल्स आली.

इथे मात्र आकाश पालथं होतं.
जमिनीवर कागद, कागदावर नक्षी,
नक्षीवर एकेक तुकडा तोंड खाली घालून.
वर नुसत्या पाठी, मातकट,
सगळ्या सारख्या.
चाळीस वर्षं हा माणूस
पाकळ्या पाठीवरून ओळखतोय.
हा निळा? हा काळा?
मी बोट ठेवत गेले.
अकरातले चार बरोबर.

मग वरून ओतायचं ओलं गच.
गच?
म्हणजे आमची गच्ची!
जिच्यावर पाण्याची टाकी, उन्हात टाकलेल्या गाद्या,
ती इथून निघाली होती, बादलीतून.

दुपारी वीज गेली.
उस्ताद कॅलेंडरकडे बघत एकच शब्द बोलले.
तो मला फरंगीसआधी कळला.
आबरू.
ती तरी समजावत राहिली:
आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा.
शहराच्या चेहऱ्यावर तेवढंच पाणी होतं, मामा म्हणतायत.

अब्रू.
पन्नास वर्षं हा शब्द माझ्यामागे फिरतोय,
उंबऱ्यापाशी, दिवेलागणीला,
आतेभावाच्या लग्नात, पोलीस चौकीत एकदा.
अब्रू म्हणजे काचेचं भांडं, आई म्हणायची,
एकदा तडा गेला की संपलं.
कुणीच कसं सांगितलं नाही
की ते पाणी आहे?

पाणी असेल तर मग जाऊन परत...
मी फरंगीसला विचारायला लागले.
येतं की, ती म्हणाली,
शेतांसाठी सोडतात धरणातून, आठ-दहा दिवस.
तेव्हा अख्खं गाव चपला हातात घेऊन धावतं.
मग पुन्हा माती.
तिचा रुमाल केव्हाचा खांद्यावर घसरला होता.
मामांनी पाहिलं.
गच ढवळत राहिले.

निघताना त्यांनी एक तुकडा माझ्या हातात दिला,
करंगळीच्या नखाएवढा,
आणि जागा दाखवली.
मी ठेवला, तोंड खाली.
रंग बघायचा राहिला.
उद्या वाळलं की उलटतील,
फरंगीस म्हणाली, उद्या ये.

माझी बस रात्री साडेनऊची.
तोवर खाजू पुलाच्या पोटात जाऊन बसले.
म्हातारे गात होते
नदीकडे तोंड करून, म्हणजे मातीकडे.
एकाचा आवाज फाटला,
कमानीनं तो सांभाळून घेतला.

नखात गच वाळलं होतं.
यज्द येईपर्यंत खरवडलं नाही.